अडकित्ता ज्याच्या टेबलावर

आमच्या ऑफिसात एकच कायदा होता. नईम सरांचा अडकित्ता ज्याच्या टेबलावर असेल, त्यानंच प्रोग्रामला हात लावायचा. बाकीच्यांनी चहा प्यावा, फोन घ्यावेत, खिडकीतून धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या गाड्या बघाव्यात, पण की-बोर्डावर बोट ठेवायचं नाही. मी पुण्याची नोकरी सोडून परतूरला घरी आले आणि जालन्यात ही नोकरी धरली, तेव्हा हा कायदा मला कुणी सांगितलाच नाही. पहिल्याच दिवशी मी आपली उत्साहानं एक फाइल उघडून दोन ओळी नीटनेटक्या करून बसले. पलीकडून आवाज आला, "बेटा, अडकित्ता कुठंय?"

मला वाटलं, सुपारी विचारतायत. म्हटलं, "सर, मी खात नाही."

"खात न्हाई ते चांगलंच आहे. पण मंग फाइल कशी उघडली?"

मी शहरात आठ वर्षं काम करून आलेली, मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम लिहिलेली. आणि हा माणूस मला सुपारी कातरायचं हत्यार मागत होता. मला हसू आलं. सरांना आलं नाही. त्यांनी माझ्या दोन ओळी आधी होत्या तशा करायला लावल्या, मग उठून माझ्या टेबलाशी आले, अडकित्ता ठेवला आणि म्हणाले, "आता कर. आणि काय करून राह्यली ते तोंडानं सांग."

नईम सर म्हणजे साठीला टेकलेले, काटक अंगाचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. चष्म्याला दोरी. बसताना डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायचे आणि उठताना हमखास विसरायचे. मग एकाच चपलेनं प्रिंटरपर्यंत जायचे, तिथं फरशी थंड लागली की आठवायचं. संध्याकाळी निघताना की-बोर्डावर रुमाल अंथरायचे. मी म्हटलं, "सर, एवढं काय जपायचं?" तर म्हणाले, "तुमच्या पुण्याला झाडं आहेत. इथं मे महिन्यात धूळ सगळ्यांच्या आधी ऑफिसात येते."

फार वर्षांपूर्वी परतूरला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांच्या हाताखालून गेलेली. कॉम्प्युटर आले, टाइपरायटर भंगारात गेले, तेव्हा सरांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि क्लासच्या रिकाम्या खोलीत एकट्यानं बसून प्रोग्राम लिहायला शिकले. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. त्यांनी बियाणं तयार करणाऱ्या छोट्या प्लँटांसाठी एक प्रोग्राम लिहिला. लॉट कुठल्या शेतातून आला, चाचणीत शंभर दाण्यांतले किती उगवले, मुदत कधीपर्यंत, हे सगळं त्यात भरायचं, आणि शेवटी थैलीवर चिकटवायचं लेबल छापून घ्यायचं. एवढं साधं. पण एकोणीस वर्षं झाली, तो प्रोग्राम अजून चालतोय. मी पुण्यात लिहिलेल्यातलं आज काही चालू असेल असं मला वाटत नाही.

फोनवर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "वाचून दाखवा." प्लँटवरून कुणी घाबराघुबरा होऊन सांगायचा, "सर, सगळं बंद पडलं हो!"

"बंद पडलं हे तुमचं मत झालं. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

"सर, इंग्रजीत आहे."

"मंग एकेक अक्षर वाचा. मला जल्दी न्हाई."

पलीकडचा माणूस पी, ए, पी करत वाचत राहायचा, सर कागदावर उतरवून घ्यायचे, आणि शेवटी अगदी प्रेमानं सांगायचे, "प्रिंटरात कागद न्हाई, भाऊ. कागद टाका."

आता अडकित्त्याचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सर विक्षिप्त होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं एक जुनं दुखणं आहे. दोघांनी एकच फाइल उघडली, दोघांनी आपापले बदल केले, तर जो शेवटी साठवेल त्याचं राहतं आणि दुसऱ्याचं पुसलं जातं. सरांचं आणि त्यांच्या एका जुन्या जोडीदाराचं असंच झालं होतं. आठ दिवसांचं काम एका दुपारी गेलं. दोघांनी एकमेकांना नाही नाही ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सरांनी खिशातला अडकित्ता काढून टेबलावर ठेवला आणि कायदा केला. मी विचारलं, अडकित्ताच का? तर म्हणाले, "हा द्यायचा म्हणजे उठावं लागतं. समोरच्यापाशी जावं लागतं. गेलं की माणूस बोलतोच. अर्धी भांडणं तिथंच मिटतात, बेटा."

या कायद्यानं आमची फजितीही केली. शहागडला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. सर शुक्रवारी गेले आणि अडकित्ता खिशात तसाच गेला. शनिवारी आम्ही सगळे हात बांधून बसलो. मी फोन लावला. मागं गाड्यांचे हॉर्न, लोकांचा गलका.

"सर, अडकित्ता?"

"हां, खिशातच आल्ता माझ्यासंगं. आत्ताच पाहिला."

"मग आम्ही काय करायचं? फोनवरून परवानगी द्या ना."

"फोनवर देता येत असता तर मोबाइलच ठेवला असता ना टेबलावर. आराम करा. जेवले का?"

सोमवारी प्रत्येकासाठी मिठाईचा पुडा घेऊन आले. मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "सर, पुण्यात एका प्रोग्रामवर शंभर शंभर माणसं एकाच वेळी काम करतात."

"शंभर?" सरांनी चष्मा वर केला. "काय करतात इतके जण?"

मी खरंच विचार केला. "मीटिंग," म्हटलं.

अडकित्त्याच्या जोडीला त्यांचं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. प्रोग्रामात एक अक्षर बदललं तरी त्यात नोंद. काय बदललं ते निळ्या शाईत, का बदललं ते लाल शाईत. टायपिंगच्या मास्तराचं अक्षर इतकं सुंदर असेल असं वाटत नाही, पण होतं. मी दुपारचा डबा खाताना ते रजिस्टर वाचत बसायची. एका पानावर होतं: "वाणाच्या नावाला दोन अक्षरं जागा वाढवली. कारण: नाव लांब आहे. ज्यानं ठेवलं त्याला आता विचारून फायदा न्हाई." दुसरीकडे: "तारीख डावीकडे घेतली. कारण: थैली शिवणारी बाई म्हणाली, शिलाई तारखेवर येते. बराबर बोलली. आपण कधी थैली शिवलेली न्हाई." आणि एका पानावर नुसतं: "काल केलेलं आज काढलं. कारण: मी चुकलो."

आम्हालाही पुण्यात प्रत्येक बदलाबरोबर कारण लिहावं लागायचं. मी काय लिहायची ते सांगायला लाज वाटते. "बदल केले." "अजून बदल केले." "आता तरी चाल बाबा."

मग निखिल आला. आमच्या मालकांचं वय झालं होतं, त्यांनी कारभार पुतण्याच्या हाती दिला. निखिल वाईट नव्हता, त्याला फक्त सगळ्याची घाई होती. पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि जाहीर केलं, "खरिपाच्या लेबलांची गर्दी सुरू व्हायच्या आत आपण गिटवर जायचं. ज्याला जमणार नाही त्यानं प्रोग्रामला हात लावायचा नाही. सर, तुम्हाला हवं तर तुम्ही नुसते फोन सांभाळा." आणि टेबलावरचा अडकित्ता दोन बोटांत धरून त्यानं सरांच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

गिट म्हणजे अडकित्ता आणि रजिस्टर या दोघांचं काम मशीनकडून करून घेणारी व्यवस्था. कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं ती लिहून ठेवते. हवं तर मागचं परत आणून देते. दोघांनी एकदम काम केलं तरी दोघांचं जोडून देते. जगभर वापरतात, आणि वापरणारे बरेचसे तिला मनातल्या मनात शिव्या घालतात.

त्या संध्याकाळी मी आणि सर नेहमीसारखे परतूरच्या गाडीत बसलो. आम्ही दोघंही परतूरचे, त्यामुळे रोजचं जाणं-येणं एकत्रच. रांजणी आलं तसे सर म्हणाले, "माझ्या मुलीला पहिलीत घातलं त्या वर्षी मी या प्रोग्रामची पहिली ओळ लिहिली. ती आता लेकराची आई आहे. आणि हे पोरगं म्हणतं, फोन सांभाळा." त्यांनी चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला. "प्रोग्राम काढूनच घेणार म्हण की माझ्याकडून. बेटा, शिकव मला. इज्जतीचा सवाल आहे."

शिकवायला बसले आणि माझीच परीक्षा सुरू झाली. पहिला धडा, केलेलं काम साठवायचं कसं. मी सांगितलं, आधी फाइल वेगळी काढून ठेवायची, मग तिची नोंद करायची, मग ती नोंद मोठ्या मशीनकडे ढकलायची. तीन वेगवेगळ्या आज्ञा.

सरांनी बोटं मोजली. "एक कागद ठेवायला तीन खिडक्या? तहसीलमध्ये पण दोनच आहेत."

"सर, असंच असतं."

"असंच का असतं?"

 आठ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोंद करताना मशीननं त्यांच्यापुढं काळा पडदा उघडला. कारण लिहा, असं त्याचं म्हणणं. सरांनी इमानदारीत मोठं कारण लिहिलं. पण त्या पडद्यातून बाहेर कसं पडायचं, हे त्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते मधलं बटण दाबून पाहतायत, कडेचं दाबून पाहतायत, मशीन ढिम्म. शेवटी त्यांनी भिंतीवरचं स्विच बंद केलं. कारणही गेलं. मी आले तर म्हणाले, "आत घेताना काही बोललं न्हाई, बाहेर सोडेना. हे कसलं घर?"

एकदा मागची जुनी फाइल बघायला गेले आणि मशीननं इंग्रजीत कळवलं की तुमचं डोकं आता धडापासून सुटलेलं आहे. सर उठले, तोंड धुऊन आले, चहा घेतला आणि मगच पुन्हा बसले. "घरातून हेच ऐकत आलोय तीस वर्षं," म्हणाले. "त्यासाठी कॉम्प्युटर घ्यायची गरज नव्हती."

चेष्टा बाजूला ठेवली तर त्यांचं एक म्हणणं मला आत कुठंतरी टोचलं. ते म्हणाले, "मी चुकलो तर हे लाल अक्षरात बोलतं. मशीन चुकलं तरी लाल. आणि सगळं बराबर झालं तर काहीच बोलत न्हाई. मंग मला कसं कळावं मी काय केलं ते? रजिस्टरात मला कळत होतं." मग माझ्याकडे बघून, "तुझं अडलं तर तू काय करते?"

मी खरं सांगितलं. सात आज्ञा मला पाठ आहेत. त्यापलीकडे काही झालं की मी सगळी फाइल बाजूला कॉपी करून ठेवते आणि पहिल्यापासून सुरुवात करते.

सर इतके हसले की चष्मा दोरीला लोंबला. "म्हणजे तुला पण येत न्हाई!"

तरी ते शिकत होते. आज्ञा एका कार्डावर लिहून खिशात ठेवायचे, रिकाम्या वेळात ओठ हलवत म्हणायचे. मे निम्मा सरला. पहिली लेबलं गिटवरच्या प्रोग्रामातून निघायला लागली होती, निखिलनं दिलेली मुदत आठवड्यावर आली होती. आणि राजूर रोडच्या प्लँटवरून फोन आला.

"सर, लेबलावर बाण आलेत."

"वाचून दाखवा."

"सात बाण आहेत सर. तोंड डावीकडं. मग हेड लिहिलंय. खाली वाणाचं नाव. मग गणितातल्या बरोबरच्या खुणा, सात. मग परत वाणाचं नाव, जरा जागा सोडून. मग परत सात बाण, तोंड उजवीकडं."

सरांनी एकेक बाण कागदावर काढला. कागद बघताबघता त्यांचा चेहरा उतरत गेला. सकाळपासून भरलेल्या सोयाबीनच्या सगळ्या थैल्यांवर तेच लेबल गेलं होतं.

निखिल तरातरा आला. "कुणी केलं हे?" विचारलं सगळ्यांना, पण बघितलं सरांकडे. आदल्या संध्याकाळी सरांनी लेबलाची ती फाइल बदलली होती, वाणाच्या नावाला जागा वाढवायला. त्या वेळी त्यांच्या पडद्यावर काहीतरी लालही आलं होतं. ते उभे राहिले. एका पायात चप्पल नव्हती. "माझ्याकडूनच झालं असेल, साहेब," म्हणाले.

"मी सांगितलंच होतं सर, तुम्हाला नाही जमणार हे. आठवडा पण थांबायला नको. उद्या थैल्यांचं निस्तरा, परवापासून तुम्ही फोनवर बसा."

आणि माझ्या पडद्यावर नोंदींची यादी उघडी होती. सरांचा बदल व्यवस्थित गेला होता. त्याच फाइलीत मीही बदल केला होता, माझ्या बाजूनं. मशीननं दोघांचं जोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा त्यानं दोन्ही मजकूर बाणांच्या मध्ये ठेवले आणि मला सांगितलं, यातलं कुठलं ठेवायचं ते तू ठरव. सर आधीच स्टेशनला निघून गेले होते, माझी गाडी चुकत होती. मी न बघता तसंच साठवलं आणि स्टेशनकडे पळाले. वेळ, नाव, सगळं तिथं लिहिलेलं. कारणाच्या जागी माझ्याच हातचं "बदल केले". निखिलनं ती यादी उघडून बघितलीसुद्धा नाही, त्याला गरजच वाटली नाही. मी बघितली. आणि मी गप्प बसले. 

दुसऱ्या दिवशी सरांना आणि मला प्लँटवर पाठवलं, जुन्या लेबलांवर नवी चिकटवायला. चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी बस गच्च भरलेली. सर वाटभर उभे होते, हातात नव्या लेबलांचा गठ्ठा धरून. शेडमध्ये बायका थैल्यांपाशी बसल्या होत्या. सर चप्पल काढून त्यांच्यातच फरशीवर बसले.

त्यांच्यात सुमनबाई म्हणून एक होत्या, चटचट बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "सर, हे बाण काय होते वो?"

"दोन माणसांनी एकाच वेळी एकाच जागी लिहिलं की असं होतं. मशीन बाण काढून म्हणतं, तुमचं तुम्ही ठरवा."

"अगं बाई! मंग एकमेकाला विचारायचं ना. एकाच खोलीत बसता ना तुम्ही?"

"बसतो," सर म्हणाले. "तीन पावलांवर."

बायका हसल्या. सरही हसले, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. त्यांचे हात सावकाश चालत होते. प्रत्येक लेबल चिकटवायच्या आधी ते चष्मा लावून वाचत होते. थैली झाली की पुन्हा वाचत होते. स्वतःच्या प्रोग्रामनं छापलेली अक्षरं त्यांना खरी वाटत नव्हती. ते मला बघवेना.

चारच्या सुमारास मी म्हटलं, "सर, ते बाण माझे आहेत."

सगळं सांगितलं. सरांनी हातातलं लेबल आधी नीट चिकटवलं, चारही कोपरे दाबले. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

"काल. फोन आला तेव्हाच."

"चूक झाली ते जाऊ दे. चुका मी पण केल्या, लिहून ठेवल्या आहेत." आवाज चढलेला नव्हता, तरी बायकांचे हात थांबले. "पण काल दिवसभर आणि आज दिवसभर मी डोक्यात एकेक बटण परत दाबून पाहून राह्यलो. कुठलं चुकलं, कुठलं चुकलं. रात्री बायकोला म्हटलं, माझं डोकं आता काम देत न्हाई, हे घर पण आता तूच बघ. दोन दिवस का लागले तुला?"

 इतक्या दिवसांत मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ते पुढं बसले, मी मागं. जालन्याहून गाडीत ते दुसऱ्या डब्यात चढले.

सकाळी मी निखिलच्या टेबलाशी गेले, सगळ्यांसमोर यादी उघडली आणि माझं नाव दाखवलं. निखिलनं वाचलं, मान डोलावली आणि हसून म्हणाला, "ठीक आहे गं. होतं असं."

सर तिथंच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, हे वाक्य परवा पण होतं ना तुमच्याकडं? मला का न्हाई दिलं?"

निखिलचे कान लाल झाले.  तो उठून उभा राहिला. "चुकलं माझं, सर."

"ते असू द्या. प्रोग्राम माझ्याकडं राहील का?"

"राहील, सर."

"बास," सर म्हणाले आणि जाऊन वाजत असलेला फोन घेतला.

माझ्याशी मात्र ते कामापुरतं बोलायचे. मला "वैशाली मॅडम" म्हणायला लागले, आणि ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. मी एकच करू शकत होते, ते केलं. दुपारच्या सुट्टीत बसून गिटच्या वर एक छोटी खिडकी बनवली, मराठी बटणांची. सर शेजारी उभे राहून हुकूम सोडायचे. "'ठेव' म्हटलं की ठेवलं गेलं पाहिजे. तुमच्या तीन खिडक्या त्याच्या मागं लपवा, मॅडम." म्हणून एक बटण झालं "ठेव". मग "दाखव", मग "परत आण". गिटमध्ये प्रत्येक ओळ कुणी लिहिली हे सांगणारी एक आज्ञा आहे, तिचं नावच मुळी दोष देणं असं आहे. मी बटणावर लिहिलं, "कोणी केलं". सरांनी मान हलवली. "नाव समजून काय करता? 'का केलं' लिहा." कारण लिहिल्याशिवाय "ठेव" चालायचं नाही, ही अटही त्यांचीच, आणि ती कुणासाठी होती हे मला बरोबर समजलं. काम नीट झालं की खिडकीत अक्षरं उमटायची: "ठेवलं गेलं. इत्मिनान ठेवा." काळजी नको, एवढाच अर्थ, पण शब्द सरांचा. आणि एकच फाइल दोघांनी उघडली तर: "ही फाइल दुसऱ्यानंही उघडली आहे. जाऊन बोला." निखिल आता तीच खिडकी वापरतो. कुणी बघत नसलं की.

त्या खिडकीतून लेबलाचा पहिला बदल प्लँटवर पाठवायचा दिवस आला तेव्हा सरांनी ते स्वतः केलं. मी बाजूला उभी. त्यांनी कारण लिहिलं, दोनदा वाचलं, "ठेव" दाबलं आणि प्लँटवर फोन लावला. फोन सुमनबाईंनी घेतला.

"पहिलं लेबल छापून वाचून दाखवा."

सुमनबाईंनी वाण वाचला, लॉट वाचला, मुदत वाचली.

"आणि बाण?"

"बाण न्हाईत, सर. शोधले मी. एक पण न्हाई."

सरांनी फोन ठेवला, खुर्चीत मागं रेलले आणि छताकडे बघत म्हणाले, "बेटा, चहा सांग."

त्यानंतर पुढच्या वर्षीची दिवाळी होईपर्यंत सर कामावर होते. मग डोळे थकले म्हणून त्यांनी स्वतःहून काम सोडलं आणि परभणीला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. बायको आधीच तिकडं राहायला गेली होती. शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीच्याच गाडीनं निघालो. सर रांजणीपर्यंत प्लँटवाल्यांचे फोन घेत होते, वाचून दाखवा, वाचून दाखवा करत. परतूर आलं. मी उतरले, ते बसून राहिले. त्यांना पुढं जायचं होतं. मी खिडकीशी आले. आणि एकदम तेच तोंडातून आलं जे दीड वर्ष आलं नव्हतं.

"सर, त्या वेळी दोन दिवस लागले, कारण मी घाबरले होते. तुमच्यासारखं मलाही बाजूला काढतील म्हणून."

सरांनी चष्मा काढला. "मंग एवढंच सांगायचं होतं ना तेव्हा," म्हणाले. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चालले. "मी पण घाबरलोच होतो, बेटा," ते म्हणाले, आणि सीटखाली सरकलेली चप्पल पायानं चाचपायला लागले.